रकाना सात

पाकिटावर पत्ता कन्नडमध्ये, आतला मजकूर इंग्रजीत,
आणि उत्तर देणारा मी, येळ्ळूरच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत.
वैजूनं वाचून दाखवलं:
रकाना सात. अपघाताचं कारण. एकावर खूण करा.
यंत्रातला दोष. माणसाची चूक. इतर.
'इतर'पुढं दीड ओळ जागा.

लिही, की पाळी चौदा दिवसांची होती
आणि तो माझा एकोणिसावा दिवस.
वारा फिरला, हेलिकॉप्टर आलं नाही,
बदलीची माणसं किनाऱ्यावर चहा पीत बसली
आणि आम्ही समुद्रात, लोखंडी जाळीवर,
उभ्या उभ्या डुलक्या घेत.

लिही, की गॅस हुंगणारं यंत्र महिनाभर फुकटच बोंबलायचं.
मग त्याचं तोंड बांधलं. सही करून, रीतसर, तीन दिवसांपुरतं.
सही करणारा सुट्टीवर गेला.

जेवणघराच्या दारात फळा असायचा:
'अपघाताविना दोनशे अकरा दिवस'.
अडीचशे भरले की प्रत्येकाला मिक्सर.
एकशे नव्वदीत कुठंतरी सालू फिटरचं बोट चेचलं,
त्याला सांगितलं, संडासाच्या दारात सापडलं म्हण.
तो म्हणाला. त्यालाही मिक्सर हवा होता.
मलाही. तुझ्या आईला मी फोनवर रंगसुद्धा विचारला होता.

बारा नंबरच्या व्हॉल्ववर लाल पाटी होती, हात लावू नये.
वाऱ्यानं तुटून ती माझ्या पायाशी आली.
मी खिशात घातली,
सुतळी मिळाली की बांधू म्हणून.
हे लिहू नको. थांब. लिही.
घरी पँट धुताना तुझ्या आईनं ती काढून
देवळीत ठेवली, उदबत्तीच्या पुड्याखाली. अजून आहे.

सकाळी सहाला पाळी बदलली.
कॉम्प्रेसर असा, की आपलाच आवाज आपल्याला परका.
भरमा हलगेकर जिना चढून आला,
सुळग्याचा, आपल्या मसुराच्या वाफ्यापलीकडचा,
हसला. ओठांवरून कळलं:
"काय करूलैस अजून? जा, नीज."
मला म्हणायचं होतं, बारा नंबर पासिंग आहे.
चारच शब्द. घसा कोरडा, जीभ जड.
मी हात वर केला.
त्यानं तो 'सगळं ठीक' असा वाचला.

काल नागोजी आला, भरमाचा थोरला,
उद्यमबागेत ओतशाळेत बत्तीस वर्षं.
खुर्ची दिली तरी उंबऱ्यावरच बसला. चहा नको म्हणाला.
"एकच सांग. व्हॉल्व आमच्या भट्टीचा होता काय?
भरमानं रंग खरवडून नंबर बघितला होता,
मला फोन केला, दादा, तुझं लोखंड इथं भेटलं.
त्या ओतकामाला मी रात्रपाळीत होतो.
माझा डोळा लागला असंल तर?"

मी म्हटलं, नाही. लोखंड चांगलं होतं.
तो बराच वेळ तळहात चोळत राहिला,
भाजलेल्या खुणांचे तळहात,
मग म्हणाला, आता चहा टाक.
मी देवळीकडं बघितलं नाही.

मी निघालो त्या दिवशी फळा पुसून शून्य लिहिलं होतं.
तिथपासून मीही मोजतोय.
आज चौऱ्याऐंशी.
तिकडं कुणीतरी न चुकता आकडा वाढवत असेल,
अडीचशेची वाट बघत.

वैजू पेन धरून बसली आहे.
राजहंसगडावर अंधार चढला, समोरच्या घरात कन्नड बातम्या लागल्या.
"बाबा, खूण कुठं करू?"

ती पाटी आण, म्हटलं. ठेवून बघ मावते का.
तिनं ठेवली. तिन्ही चौकोन झाकले गेले, दीड ओळही.
"असंच पाठवू?"
हो, म्हटलं.
मग म्हटलं, थांब.
आधी नागोजीला फोन लाव.